रातपाळीची लाईट आणि आमची फायर ब्रिगेड

जळगावहून धुळ्याकडे जाताना एरंडोल आणि पारोळ्याच्या मध्ये हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव. गावात फायर स्टेशन नाही. तालुक्याच्या नगरपालिकेची गाडी बोलावता येते, पण ती पोहोचेपर्यंत जे करायचं ते गावानेच. आमची फायर ब्रिगेड म्हणजे दोन ट्रॅक्टर, दोन टँकर, पाठीवरचे फवारणी पंप आणि ‘भरीत पार्टी’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप.

ग्रुप खरोखर भरतासाठीच काढला होता. हिवाळ्यात कोणाच्या मळ्यात जमायचं, वांगी कोण भाजणार, कळण्याच्या भाकरी कोणाच्या घरून येणार, एवढीच चर्चा. पण त्याच ग्रुपवर कधीतरी रात्री अडीच वाजता व्हॉइस मेसेज येतो: “आग लागनी रे भो, टँकर लई या!”

जळगाव म्हटलं की लोकांना मे महिन्यातलं 45 अंश आठवतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा 10 च्या खाली उतरतो, हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. आणि आमच्यासाठी आगीची खरी भीती याच दिवसांत, कारण घराघरांत कापूस भरलेला असतो. भाव वाढेल या आशेवर पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग, आणि उरलेल्या जागेत माणसं झोपलेली. अंगाला खाज सुटते, पण बोलायचं नाही. पीककर्ज, पोरीची फी, दुकानाची उधारी, सगळं त्या ढिगात आहे. एखादी वायर शॉर्ट झाली किंवा शेकोटीची ठिणगी उडाली, की वर्ष गेलं.

मागच्या जानेवारीत आमच्या गल्लीतल्या काकूंच्या घरी हेच झालं. काकू आणि पोरं वेळेत बाहेर आली. आम्ही धावलो, तर थंडीने ट्रॅक्टरची बॅटरी बसलेली. सहा जणांनी ढकलून तो उतारावर नेला, तेव्हा सुरू झाला. तोवर मळ्यांकडून बॅटऱ्यांचे उजेड पळत येताना दिसले. ती गव्हाला पाणी भरणारी माणसं होती.

शेतीपंपाची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की कडाक्याच्या थंडीत, चिखलात पाय घालून, साप-विंचवाची भीती बाळगत दारं धरायची. त्या लाईटला आम्ही रोज शिव्या देतो. पण त्या रात्री विहिरींवरच्या मोटारी चालू होत्या आणि माणसं जागी होती, म्हणून टँकर भरता आले.

कापसाची आग वरून विझते आणि आतून धुमसत राहते. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी आत मुरत नाही, घरंगळून जातं. मेडिकलमधला कापूस पाणी पितो, कारण त्याचं मेण काढून टाकलेलं असतं. हे बीएस्सी ॲग्रीच्या एका पोराला माहीत होतं. त्याने पंपात कपडे धुवायची पावडर टाकली. औषध पानावर पसरावं म्हणून आपण फवारणीत स्टिकर टाकतो, तसंच. मग आम्ही ढीग ओढून अंगणात पसरायचा आणि भिजवायचा, असं पहाटेपर्यंत करत राहिलो.

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली, तेव्हाही आत कापसाच्या गाठी होत्या, आणि सोबत स्फोटकं. सुमारे दोन तास पाणी मारूनही आग विझली नाही, आणि स्फोट झाला. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. कापूस आत धुमसतो म्हणजे काय, हे मला त्या अंगणात हाताला चटके बसले तेव्हा कळलं.

नगरपालिकेची गाडी आली तोवर बरंचसं आटोक्यात होतं. जवानांनी भिंती गार केल्या, वायरिंग तपासलं. ओल्या कपड्यांत आमचे दात वाजत होते, म्हणून कोणीतरी कडेला शेकोटी पेटवली. एक आबा म्हणाले, “आत्तेच विझाडी, नि परत पेटाडी ऱ्हायनात!” काकूसुद्धा हसल्या. चहा आला. अर्धा कापूस वाचला, पण धुराचा वास लागलेल्या मालाला व्यापारी काय भाव देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते त्या वेळी कोणी काढलं नाही.

अशी गोष्ट ऐकली की लोक म्हणतात, खेड्यात अजून माणुसकी आहे. आहेच. पण जर्मनीतल्या गावांतही आग विझवायला स्वयंसेवकच येतात, आणि त्यांच्याकडे बंब, बूट, कोट, प्रशिक्षण आणि विमा असतो. आमच्याकडे स्लिपर आणि मफलर. त्या रात्री कोणाच्या अंगावर छत पडलं असतं, तर त्याच्या घरी माणुसकी किती दिवस पुरली असती?

आता सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा लाईट मिळणार आहे. मिळायलाच हवी, रात्रीच्या पाण्याने खूप माणसांचे हाल केले आहेत. पण मग जानेवारीत रात्री अडीचला मळ्यात कोणीच जागं नसेल. म्हणून ग्रुपवर आम्ही तीन नियम पिन केलेत. टँकर संध्याकाळी रिकामा ठेवायचा नाही. ट्रॅक्टर उतारावरच लावायचा. आणि हिवाळ्यात रोज रात्री दोघांनी फोनचा आवाज चालू ठेवून झोपायचं. या आठवड्यात माझी पाळी आहे.