मागे जायचा बाण

खरं सांगायचं तर टॅब्लेट तिच्या हातात दिला तो मीच. आमच्या ह्यांनी नाही, की सासूबाईंनी नाही. २०२० सालचा टाळेबंदीचा उन्हाळा आठवा. दोन खोल्यांचं घर, हे घरूनच कामाला बसलेले, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं आणि चार वर्षांची चिऊ दिवसभर पदराला धरून! ह्यांचा जुना टॅब्लेट कपाटात पडून होता. त्यावर मुलांसाठीची रंग भरायची चित्रं घेतली. मोर, फुलपाखरू, गणपती. आधी रंगावर बोट टेकायचं, मग मोराच्या पिसावर, की पीस क्षणात निळं. रेघेबाहेर एक ठिपका जायचा नाही. तेवढ्यात माझ्या पोळ्या, भांडी निवांत उरकायची. या वयाच्या मुलांना दिवसात तासापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितलं होतं. पण आमच्याकडे तास कधी उलटायचा, याचा हिशेब ठेवतंय कोण!

कौतुक तरी किती झालं! मी तो मोर नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तर पुण्याच्या आत्याबाईंनी लिहिलं, ‘एवढीशी पोर आणि काय गं सफाई!’ ती सफाई चिऊची नव्हती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. शाळेत असताना मीही एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या. स्मरणचित्राला घाम कसा फुटतो, ते मला ठाऊक. पण कौतुक कुणाला नको असतं?

२०२२ साली चिऊ पहिलीत गेली. शाळेत चित्रकलेची स्पर्धा होती, विषय ‘माझे घर’. बाईसाहेबांनी कोरा कागद परत दिला! वर्गाच्या बाईंनी मला विचारलं, “घरी चित्रं काढू देत नाही का हो हिला?” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी कागद आणि खडू घेऊन मी तिच्या शेजारी बसले. तिने घराचा चौकोन काढायला घेतला. रेघ जरा तिरकी गेली. तशी खडू खाली ठेवून ती कागदाच्या कोपऱ्यात बोटाने टिकटिक करायला लागली. मला आधी उमगेचना. मग म्हणाली, “आई, मागे जायचा बाण नाहीये इथे.”

टॅब्लेटवर चुकलं की तो बाण दाबायचा, रेघ नाहीशी. कागद असं कुठे ऐकतो? तिने कागद टराटरा फाडला आणि उशीत तोंड खुपसून रडली.

रात्री सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तिला चुकायची सवयच लागली नाही गं.” त्या कधी टोचून बोलत नाहीत, म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी टॅब्लेट माळ्यावर गेला. चार दिवस घरात नुसता आकांत! शेवटी माझ्या भाच्याने तोड काढली. ह्यांच्या कॉम्प्युटरवर त्याने ‘टक्स पेंट’ घालून दिलं. २००२ सालापासून ते फुकट मिळतं, मध्ये जाहिराती येत नाहीत, चित्र काढताना इंटरनेटही लागत नाही. मुख्य म्हणजे त्यात कोरं पान मिळतं, घर आपलं आपणच काढायचं. मागे जायची सोय तिथेही आहेच म्हणा. पण एकदा चिऊच्या भिंतीला बारीकशी फट राहिली आणि आत ओतलेला लाल रंग सगळ्या आकाशभर पसरला. मला वाटलं, आता रडणार. तर ही टाळ्या पिटत ओरडली, “आजी, माझं घर सांडलं!”

सासूबाई तिला हाताला धरून अंगणात घेऊन गेल्या. रांगोळीच्या रेघेला रेघ कशी मिळवायची, ते दाखवलं. तेव्हापासून आमच्याकडे अर्धा तास कॉम्प्युटर आणि मग जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं. जाड मेणखडू देते, पण खोडरबर मुद्दाम देत नाही. कागद अजूनही फाटतात, पण पूर्वीइतके नाहीत. रागावली की बोट कोपऱ्याकडे जातंच.

परवा मलाच म्हणाली, “आई, तू गणपती काढ ना.” किती वर्षांनी पेन्सिल धरली! सोंड चुकली आणि माझा हात आपसूक खोडरबर शोधायला कपाटाकडे गेला.

“आई, नाही हं,” म्हणत चिऊ खोडरबर मुठीत घट्ट धरून पळाली.