पंख्याचा वाच्यार्थ

मोटारींच्या शर्यतींशी माझा संबंध वाचनापुरताच आहे. तरीही गेली काही वर्षे एम.ए.च्या वर्गात ध्वनिविचार शिकवताना मला हटकून एक शर्यतीची मोटार आठवते. नेमके सांगायचे तर तिचा तळ आणि त्या तळाशी जोडलेला एक पंखा आठवतो.

स्पोर्ट्‌स कारच्या रूपाविषयी बोलणारे लोक तिच्या वरच्या रेषांविषयी बोलतात. तिचा तळ मेकॅनिकखेरीज कोणी पाहत नाही. वास्तविक वेगात धावणाऱ्या मोटारीचे निम्मे भवितव्य या न दिसणाऱ्या बाजूवर ठरते. तळ उघडा असला की इंजिन, गिअरबॉक्स, नळ्या, दांडे यांच्या खाचखळग्यांत हवा अडखळते आणि मोटारीला मागे ओढते. तोच तळ सपाट पॅनेलनी झाकला आणि मागच्या टोकाशी हळूहळू वर उचलत नेला, की गाडीखालची हवा वेगाने वाहू लागते. अरुंद पात्रात शिरलेल्या नदीसारखी तिची गती वाढते आणि दाब उतरतो. वरच्या हवेचा दाब तेवढाच राहिल्याने मोटार रस्त्याला चिकटून वळण घेते.

परंतु झाकण घातले की आतली उष्णता कोंडते. पेट्रोलच्या ऊर्जेचा बराच मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचतच नाही; तो उष्णता होऊन बाहेर पडायची वाट शोधत असतो. रेडिएटरमधून हवा आत शिरणे जितके आवश्यक, तितकेच ती तापून बाहेर पडणेही आवश्यक. पॅनेलला भोके पाडावीत तर गारवा मिळतो, पण तळाखालचे शोषण गळते. ती बुजवावीत तर पकड मिळते, पण इंजिन तापते. याची उलटी बाजूही आहे. पॅनेल काढले की इंजिन थंड होईल, असा आपला साधा समज असतो. मात्र पुष्कळ गाड्यांत तळाखालचा कमी दाबच रेडिएटरमधली हवा ओढून घेत असतो, आणि पॅनेल गेले की तो ओढाच मंदावतो. थोडक्यात, शीतकरण आणि वायुगतिकी ही दोन कामे असली तरी हवा एकच आहे. तिने कोणते काम 'मुख्यतः' करावे, हा प्रश्न येथेच जन्म घेतो.

१९७८ साली फॉर्म्युला वन शर्यतींत लोटस ७९ या मोटारीने सर्वांना मागे टाकले होते. तिच्या दोन्ही बाजूंच्या पोटांना आतून उलट्या पंखाचा आकार होता आणि कडेला जमिनीपर्यंत टेकणाऱ्या झालरी होत्या. ब्रॅबम संघाचे रचनाकार गॉर्डन मरे यांना हे अनुकरण शक्य नव्हते. त्यांच्या मोटारीत अल्फा रोमिओचे बारा सिलिंडरांचे आडवे, पसरट इंजिन होते आणि जिथून हवेने वाहायचे तीच जागा त्याने अडवली होती. शिवाय उष्णतेची अडचण वेगळीच होती. त्यांच्या बीटी४६ या मोटारीसाठी अंगावरच सपाट शीतक पत्रे बसवण्याची कल्पना होती. ते पुरेसे थंड करीनात म्हणून रेडिएटर नाकाशी न्यावे लागले होते.

मरे यांनी मग इंजिनावर आडवा रेडिएटर ठेवला, इंजिनाचा कप्पा झालरींनी चहूबाजूंनी बंद केला आणि मागे एक मोठा पंखा बसवला. पंखा रेडिएटरमधून हवा ओढे आणि तळाखालूनही ओढे. तो गिअरबॉक्सवरून फिरत असल्याने गाडीचा वेग कमी असला तरी इंजिनाचे फेरे वाढताच शोषण वाढे. उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबला की ती जमिनीकडे दबलेली दिसे. फिरत्या वायुगतिक साधनांना नियमांची बंदी होती. त्यावर संघाचे उत्तर असे की, पंख्याचे मुख्य कार्य शीतकरण आहे. त्याने ओढलेल्या हवेचा अधिक वाटा त्याच कामी जातो.

हे उत्तर देण्यामागे अनुभव होता. १९७० साली अमेरिकेत जिम हॉल यांच्या चॅपरल २जे मोटारीत पंख्यांसाठी स्वतंत्र इंजिनच लावले होते. त्यांचा हेतू उघड होता, आणि त्या मोटारीवर बंदी आली. जे सरळ बोलले ते नाकारले गेले. आठ वर्षांनी तेच आडवळणाने बोलावे लागले.

१७ जून १९७८ रोजी स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे निकी लाउडा यांनी ही मोटार चालवून अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतराने शर्यत जिंकली. पंखा मागच्यांवर खडे उडवतो, ही प्रतिस्पर्ध्यांची एक तक्रार होती. विरोध वाढला तेव्हा संघाचे मालक बर्नी एक्लस्टन यांनी मोटार मागे घेतली आणि पंख्यांवर पुढे बंदी आली. विजय मात्र कायम राहिला.

आनंदवर्धनाच्या वाचकाला येथे थबकावेच लागते. पंख्याचा वाच्यार्थ शीतकरण, व्यंग्यार्थ शोषण. पण ध्वनिकाव्य म्हणण्यासाठी व्यंग्य असून भागत नाही, ते प्रधान असावे लागते; गौण असेल तर ते गुणीभूतव्यंग्य. नवव्या शतकातल्या काश्मीरमधल्या या आचार्याला आणि विसाव्या शतकातल्या शर्यतीच्या नियामकांना पडलेला प्रश्न एकच: प्रधान कोण? "सर, प्रधान काय ते कसे ठरवायचे?" हा दरवर्षी वर्गातूनही येणारा प्रश्न आहे. विद्यार्थी ओळी मोजतात. आठांपैकी सात ओळी पावसाच्या असतील तर कविता पावसाची, असे उत्तरपत्रिकेत लिहितात. हवेचा वाटा मोजून कार्य ठरवणे हा त्याच जातीचा युक्तिवाद आहे. आनंदवर्धनाचा निकष परिमाणाचा नाही. चारुत्व कशामुळे उत्कर्षाला जाते, हा आहे.

तो निकष लावून पाहू. पंख्यातून शीतकरण वजा केले तर काय उरते? रेडिएटर नाकाशी नेऊन हीच मोटार त्याच वर्षी धावलेली होती; म्हणजे गारव्याची सोय दुसरीकडे होऊ शकत होती. आता शोषण वजा करा. उरते एक बरी, सामान्य मोटार. अर्ध्या मिनिटाची आघाडी नाहीशी होते. ज्याच्या जाण्याने सारे विशेषत्व जाते ते प्रधान. विरोधकांचे म्हणणे, माझ्या मते, योग्यच होते.

तरीही मी ब्रॅबमच्या उत्तराला लबाडी म्हणणार नाही. पंखा इंजिन खरोखरच थंड करीत होता आणि उष्णतेची अडचणही खरी होती. वाच्यार्थ खोटा असेल तर व्यंग्याला उभे राहायला जागाच उरत नाही. निर्बंधांच्या काळात लेखक ऋतूंविषयी लिहितो तेव्हा त्याचे ऋतूही खरेच असावे लागतात. नाहीतर उरते ते कोडे, काव्य नव्हे.

मरे यांनी पंखा सोडला नाही. १९९२ च्या मॅक्लारेन एफ१ या रस्त्यावरच्या मोटारीत त्यांनी दोन लहान पंखे लावले. २०२० मध्ये सादर झालेल्या टी.५० च्या पाठीवर तर ४०० मिलिमीटरचा पंखा सर्वांना दिसेल असा आहे. तो तळाखालची हवा खेचण्यासाठी आहे, हे तिथे मोकळेपणाने सांगितले जाते, कारण शर्यतीच्या नियमांचा तिथे संबंध नाही. व्यंग्य वाच्य झाले आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्यात काही उणे नसेल. काव्यशास्त्राच्या तासाला उदाहरण मात्र मी १९७८ च्या पंख्याचेच देईन.