आमची मोटारसायकल नेपाळला जाते

‘परदेश’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमान येतं, व्हिसा येतो आणि मग बँकेचं पासबुक येतं. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि स्वतःची दुचाकी तिथे रीतसर नेता येते, हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “अगं, पण गोरखपूरपर्यंत तरी ती पोचेल का?”

त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. ही मोटारसायकल माझ्या नावावर आहे. शाळेत अर्धवेळ शिकवून हाती येणाऱ्या मानधनातून दरमहा आवर्ती ठेव भरत, चार वर्षांनी घेतलेली. घरात माझ्या एकटीच्या नावावर असलेली ही एकच वस्तू. (मंगळसूत्राची पावतीसुद्धा मामंजींच्या नावाची आहे!) तेव्हा ती गोणपाटात गुंडाळून परक्याच्या हवाली करायची म्हणजे माझ्या पोटात गोळा येणारच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी बिनपगारी रजा काढली, मुलाला आजीजवळ ठेवलं आणि आम्ही दोघं निघालो. कुर्ल्याहून सुटणारी आणि गोरखपूरलाच संपणारी गाडी आम्ही मुद्दाम निवडली. तुम्हीही शक्य असेल तर असंच करा. मधल्या स्टेशनावर गाडी दोन-पाच मिनिटं थांबणार, तेवढ्यात हमाल चढवणार कधी आणि उतरवणार कधी? उतरवायची राहिली तर ती पुढे कुठे जाईल, याचा घोर प्रवासभर!

दुचाकी पाठवण्याचे दोन प्रकार आहेत. आपल्या तिकिटावर ‘लगेज’ म्हणून नोंदवली की ती शक्यतो आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून येते. ‘पार्सल’ला तिकीट लागत नाही, पण ते जागा मिळेल त्या गाडीनं जातं. आम्ही लगेज केलं. आरसी बुकाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स, प्रवासाचं तिकीट, आणि हाताशी निदान तीन-चार तास एवढं लागतं. टाकीत पेट्रोलचा थेंब राहू द्यायचा नाही. हा नियम जिवाचा आहे, तिथे हयगय नको. काढलेलं पेट्रोल बाटलीत भरून डब्यात नेणं तर त्याहून वाईट. स्टेशनापर्यंत पोचण्यापुरतंच ठेवलं की काढायलाही थोडंच उरतं.

बांधाबांध स्टेशनाबाहेरची माणसं गोणपाट आणि सुतळीनं करून देतात. पण आतून आपलं काही मऊ असावं. मी सासूबाईंची जुनी गोधडी टाकीवर घातली आणि हँडलला फाटक्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. आरसे काढून पिशवीत, हेल्मेट हातात, किल्ली पर्समध्ये. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर नाव, गाडीचा नंबर, कुठून कुठे हे जाड अक्षरात लिहून एक पुढे, एक मागे बांधला. फळ्यावर लिहायची सवय इथे कामी आली. बांधणारा मात्र प्रत्येक गोष्ट यांनाच विचारत होता. “साहेब, मालकाचं नाव काय लिहू?” यांनी नुसतं माझ्याकडे बोट केलं.

दीड दिवसाच्या प्रवासात मी किती झोपले ते विचारू नका. गोरखपूरचा फलाट १३६६ मीटर लांब. २०२३ मध्ये हुबळीच्या फलाटानं मागे टाकेपर्यंत तो जगात सर्वांत लांब होता. त्याचं कौतुक घरी बसून करावं. ब्रेकव्हॅन गाठायला धावताना मला तो मुळीच आवडला नाही. आधी टोपल्या उतरल्या, मग खोकी, मग कुणाचं तरी कपाट. आणि मग माझं अक्षर दिसलं! गोणपाट एका बाजूनं फाटलं होतं, गोधडीला काळं तेल लागलं होतं, पण गाडीवर ओरखडा नव्हता. पावती दाखवून ती ताब्यात घेतली आणि पेट्रोल पंपापर्यंत दोघांनी आळीपाळीनं ढकलली.

तिथून सुनौलीची सीमा साधारण शंभर किलोमीटर. पलीकडे ‘भन्सार’ म्हणजे जकातीची कचेरी. आपली गाडी किती दिवस नेपाळात राहणार ते आधीच सांगायचं आणि तेवढ्या दिवसांचे पैसे भरून परवाना घ्यायचा. मुदत उलटली तर दंड बसतो, म्हणून एक दिवस जास्तच भरलेला बरा. तो कागद पुढे सतत जवळ हवा. आरसी बुक आणि लायसन्स मूळच न्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असली तर त्याचं लेखी संमतिपत्र लागतं. माणसांसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्डावर विसंबू नका. आणि विमा! आपल्या नेहमीच्या विम्याची हद्द भारतापुरतीच असते. जादा हप्ता भरून ती नेपाळपर्यंत वाढवून मिळते, पण त्यासाठी आधीपासून मागे लागावं लागतं. आमच्या एजंटानं तर प्रथम मलाच विचारलं, असं काही असतं का म्हणून.

खिडकीतल्या माणसानं आरसी बुक पाहून नाव वाचलं, मान वर केली आणि हिंदीत विचारलं, “चलाएगा कौन?” त्यांना वाटलं, नाव माझं पण चालवणारे हे. मी माझं लायसन्स पुढे केलं. त्यांनी काहीही न बोलता ते उतरवून घेतलं. यांच्या पाठीला गिअरची गाडी मानवत नाही, हे त्यांना सांगायची गरजच पडली नाही.

कमानीखालून गाडी मी पलीकडे नेली. तिथेही वाहनं डावीकडूनच चालतात, म्हणून हात बुजला नाही. घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढे करायचं, आणि आपल्या शंभर रुपयांचे तिथले एकशेसाठ होतात. हिशेब करताना माझा पाढा पक्का, म्हणून पाकीट माझ्याकडेच. पहिल्या दिवशी लुंबिनी. सकाळच्या धुक्यात अशोकाचा स्तंभ अगदी जवळ जाईपर्यंत दिसला नाही. मग बुटवलवरून घाट चढून पाल्प्याच्या तानसेनला. बुटवल सुटल्यावर सिद्धबाबाजवळ दरडी कोसळतात, तिथे रेंगाळू नका. तानसेनला हातमागावरचं ढाका कापड मिळतं. मी ब्लाउजपुरतं घेतलं, सासूबाईंना शाल घेतली.

भन्सारला आठ दिवस भरले होते, सातव्या दिवशी परत सुनौलीला आलो. येताना तीच गोधडी, तीच सुतळी. घरी आल्यावर गोधडी सोडा घालून दोनदा उकळली, पण तेलाचा डाग काही गेला नाही. सासूबाईंनी ती घडी करून माळ्यावर टाकली आणि म्हणाल्या, “राहू दे आता गाडीलाच. पुढच्या वेळी कुठे?”