अजिंठ्याच्या अंधारांत कोणतें भिंग न्यावें?

प्रवासाच्या सामानाची यादी पूर्वीं वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा एवढ्यांत आटोपत असे. आतां तींत कॅमेरा आला आहे, आणि कॅमेऱ्यामागोमाग त्याच्या भिंगांचा प्रश्नहि आला आहे. घरांतील एखादा मुलगा अगर मुलगी हौसेनें पहिला डिजिटल एसएलआर घेऊन येते. त्याबरोबर एक लहानसें भिंग मिळतें. परंतु पंधरा दिवस होतात न होतात तोंच "आणखी एक लेन्स हवी" अशी मागणी सुरू होते. दुकानांतील कपाटांत तर एकाहून एक लांब, एकाहून एक जड अशीं भिंगें मांडलेलीं असतात. त्यांतील कोणतें घ्यावें, हें दुकानाच्या दिव्याखालीं उभें राहून कळत नाहीं. तें कळण्यास प्रवासच करावयास पाहिजे. म्हणून वाचकांना आम्हीं आज वेरूळ व अजिंठा येथें घेऊन जाणार आहों. भर उन्हांतील प्रचंड देवालय, दरीपलीकडील कडा आणि मिट्ट काळोखांतील भित्तिचित्रें या तिन्ही परीक्षा तेथें दोन दिवसांत होऊन जातात.

आमच्या मंडळींत तिघें होतों. आम्हीं स्वतः, आमची पुतणी आणि आमच्या आत्याबाई. पुतणीनें आपल्या पहिल्या पगारांतून जुन्या बाजारांतील निकॉन डी३५०० घेतला होता. हा कॅमेरा २०१८ सालीं निघाला. हल्लीं कारखानदारांचें लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळें असे आरशाचे कॅमेरे जुन्या बाजारांत पुष्कळ येतात व माफक किमतींत मिळतात. आत्याबाईंचें वय अठ्ठ्याहत्तर. मुलींच्या शाळेंत त्यांनीं तीस वर्षें चित्रकला शिकविली. वर्गाच्या भिंतीवर अजिंठ्याच्या पद्मपाणीची एक छापील प्रत असे, आणि तिच्यावरून त्या मुलींना रेषा समजावून देत. प्रत्यक्ष लेणें मात्र संसाराच्या रामरगाड्यांत पाहावयाचें राहून गेलें होतें. आतां गुडघे दुखत होते, आणि डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग झिजल्यामुळें समोरचें अंधुक दिसत होतें. "अजून थोडें दिसतें आहे तोंवर जाऊन येऊं," असें त्याच म्हणाल्या.

निघण्यापूर्वीं आणखी एका भिंगापुरते पैसे शिल्लक होते. पुतणीच्या मनांत लांबचे पक्षी टिपणारें ७०–३०० मि.मी.चें भिंग होतें. तो विचार करतांना आम्हांस या विद्येंतील दोन आंकडे नीट समजून घ्यावे लागले. वाचकांनींहि ते घ्यावेत.

पहिला आंकडा मिलिमीटरचा. त्याला फोकल लेंग्थ म्हणतात. तो जितका लहान, तितका देखावा रुंद. जितका मोठा, तितकी दूरची वस्तु जवळ. या प्राथमिक कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टी जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीहून लहान असल्यामुळें चित्राच्या कडा कापल्या जातात. म्हणून निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर आंकड्यास दीडपट करून व कॅननच्या अशा कॅमेऱ्यावर १.६ पट करून जुन्या हिशेबाशीं ताडून पाहावें. दुसरा आंकडा 'एफ'चा. तो भिंगाचें दार किती उघडतें हें सांगतो. येथें गणित उलटें आहे. आंकडा लहान तर दार मोठें, आणि आंत येणारा प्रकाश आंकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत बदलतो. कॅमेऱ्याबरोबर मिळालेलें १८–५५ मि.मी.चें भिंग ३५ मि.मी.वर सुमारें एफ/४.५ इतकेंच उघडतें. ३५ मि.मी.चें एकाच मापाचें, मागेंपुढें न होणारें भिंग एफ/१.८ पर्यंत उघडतें. म्हणजे तें सहापट प्रकाश आंत घेतें.

आम्हीं बुधवारीं वेरूळ व गुरुवारीं अजिंठा असा बेत केला. कारण वेरूळ मंगळवारीं व अजिंठा सोमवारीं बंद असतें. मुक्काम औरंगाबादेस, म्हणजे २०२३ पासून ज्याचें नांव छत्रपती संभाजीनगर झालें त्या शहरीं. तेथून वेरूळ सुमारें तीस किलोमीटर व अजिंठा सुमारें शंभर. श्रावण सरत आला होता. डोंगर हिरवे होते, आणि ढगांतून गाळून येणारा प्रकाश छायाचित्रांस फार सोयीचा होता.

वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचें मानितात. डोंगर माथ्यापासून खालीं कोरीत आणून जें आवार मोकळें केलें, तेंच सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे. मधोमध देवालय. आवारांत उभें राहिलें कीं मंदिर व कडा यांच्यामध्यें मागें सरकावयास जागा फार थोडी. १८ मि.मी.वरहि शिखर मावेना, आणि कॅमेरा वर उचलला कीं मंदिर मागें रेलल्यासारखें दिसे. अशा वेळीं १० मि.मी.चें अतिरुंद भिंग पाहिजे, असें वाटूं लागतें. परंतु तें भिंगहि वर उचललें तर रेलणें उलट अधिकच ठळक होतें. खरा उपाय पायांत आहे. लेण्याच्या बाजूनें डोंगरावर जाणारी पाऊलवाट चढून गेलें, कीं जेथून शिल्पकारांनीं पहिली छिन्नी लावली त्या उंचीवरून सर्व कैलास एका नजरेंत येतो, आणि त्यास साधें १८–५५ पुरेसें होतें. अतिरुंद भिंग निरुपयोगी आहे असें नव्हे. अरुंद दालनांत व नुसत्या छताच्या चित्रणास तें अमोल आहे. पण पहिल्या खरेदीचा मान त्याचा नाहीं.

दुसऱ्या दिवशीं फर्दापूरजवळच्या तिठ्यावर मोटार ठेवून एस. टी.च्या गाडीनें आम्हीं अजिंठ्यास पोंचलों. वाघोरा नदीनें घोड्याच्या नालासारखें वळण घेतलें आहे, आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यांत तीस लेणीं ओळीनें कोरलेलीं आहेत. सर्वांत जुनीं ख्रिस्तपूर्व काळांतील. रंगांनीं नटलेलीं बहुतेक पांचव्या शतकांतील. शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं १८१९ च्या एप्रिलांत पडलीं. दहाव्या लेण्याच्या एका खांबावर त्यानें कोरलेलें आपलें नांव व तारीख आजहि आहे. समोरच्या टेकडीवरून पाहिलें तर १८ मि.मी.त सबंध नाल मावते. तेथें मात्र पुतणीचें म्हणणें खरें ठरतें. दरीपलीकडील चैत्याची पिंपळपानी खिडकी चौकटींत भरावयाची तर दोनशे मि.मी.च्या पुढें गेल्यावांचून गत्यंतर नाहीं. उजेड मुबलक असल्यामुळें तेथें लांब भिंगाचें लहान दारहि चालून जातें.

पण अजिंठ्याचें खरें वैभव कड्यावर नसून आंत आहे, आणि आंत काळोख आहे. चित्रांना इजा होऊं नये म्हणून मंद दिवे लावलेले असतात. फ्लॅश वापरण्यास सक्त मनाई आहे. तिपाई न्यावयाची तर पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे हातांतील कॅमेरा व मिळेल तो प्रकाश एवढेंच साधन उरतें. पहिल्या लेण्यांत आम्हीं मोजून पाहिलें. संवेदनशीलता १६०० वर ठेवूनहि १८–५५ च्या भिंगास ३५ मि.मी.वर एका सेकंदाचा आठवा भाग दार उघडें ठेवावें लागे. त्या मापास हात न हलतां चित्र यावयाचें तर साधारणपणें पन्नासावा भाग हवा. भिंगाच्या आंत कंप शोषून घेणारी योजना होती, तिनें मात्र आपलें काम चोख केलें. चित्रें स्वच्छ आलीं. कारण उघड आहे. भिंतीवरचा बोधिसत्त्व पंधराशें वर्षांत हललेला नाहीं. हललीं तीं समोरून जाणारीं माणसें, आणि त्यांच्या आकृत्या धुरासारख्या पुसट उतरल्या.

येथेंच भिंगाच्या निवडीचें मर्म आहे. कंपनिवारक योजना आपला हात सांवरते. समोरच्या माणसाला ती थांबवूं शकत नाहीं. स्थिर वस्तूस तीच पुरे. परंतु माणूस हवा असेल तर मोठ्या दाराचें भिंग हवें. आम्हीं निघण्यापूर्वीं ७०–३०० चा विचार पुढें ढकलून ३५ मि.मी.चें एफ/१.८ भिंग घेतलें होतें, तें याचसाठीं. पुतणी थोडी हिरमुसली होती. "काका, पक्षी राहिले कीं!" ती म्हणाली. आम्हीं उत्तर दिलें, "पक्षी पुढच्या वर्षींहि येतील. आत्याला घेऊन येणें पुन्हां होईलच असें नाहीं."

आत्याबाई डोलींतून पहिल्या लेण्यापर्यंत आल्या. पादत्राणें काढून, पुतणीचा हात धरून त्या आंत गेल्या, आणि गर्भगृहाच्या डाव्या हाताच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तोच पद्मपाणि. आम्हीं शेजारीं उभे राहून त्यांच्याकडे पाहात होतों. पुष्कळ वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग हलकेंच म्हणाल्या, "रंग आहे एवढें कळतें रे, रेषा दिसत नाहीं." जी रेषा त्यांनीं तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलींना दाखविली, ती त्यांना स्वतःला मूळ भिंतीवर दिसत नव्हती.

पुतणीनें नवें भिंग लाविलें, एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत चित्र टिपलें, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरील पडद्यावर तें मोठें करून आत्याबाईंच्या हातीं दिलें. त्यांनीं पडदा डोळ्यांच्या कडेकडे नेला. मधलें दिसत नाहीं त्यांना असें तिरकें पाहावें लागतें. आधीं भिवई सांपडली. मग बोटांत धरलेलें निळें कमळ. "ही बघ," त्या पुतणीला म्हणाल्या, "एका दमांत ओढलेली आहे. कोठें हात थांबलेला नाहीं." आणि मग पडद्यावरून मान उचलून त्यांनीं पुन्हां भिंतीकडे पाहिलें, आतां कोठें काय आहे हें त्यांना माहीत झालें होतें. त्याच क्षणीं पुतणीनें त्यांचें चित्र घेतलें. मागें पुसट पद्मपाणि, पुढें आत्याबाईंचा वर उचललेला चेहरा. जुन्या भिंगानें तो चेहरा धुरकट झाला असता.

अजिंठ्याची प्रतिकृति घेण्याची धडपड फार जुनी आहे, आणि तिचा इतिहास विचार करावयास लावणारा आहे. मेजर रॉबर्ट गिल याची १८४४ सालीं या कामीं नेमणूक झाली. त्यानें वर्षानुवर्षें खपून केलेल्या प्रती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या असतां त्यांपैकीं बहुतेक १८६६ च्या आगींत जळाल्या. पुढें १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हां प्रती केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ सालीं लंडनच्या संग्रहालयांत अशाच जळून गेल्या. त्या काळीं रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश चढविण्यांत आलें, तें पुढें पिवळें पडून चित्रें अधिकच मलिन झालीं. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांनीं मात्र छायाचित्रणाच्या आधारें १९३० ते १९५५ या काळांत जे ग्रंथ काढले, त्यांनीं भिंतीस कांहीं न लावतां अजिंठा घरोघर नेला. स्पष्ट पाहण्याच्या हौसेनें मूळ वस्तूस अपाय होतो, हा धडा येथें दोनदां मिळालेला आहे. जें भिंग आहे त्या प्रकाशांत भागवून घेतें, तें केवळ सोयीचें नव्हे, सभ्यहि आहे.

आतां खरेदीविषयीं चार शब्द. कॅमेऱ्याबरोबरचें भिंग टाकाऊ समजूं नये. त्याच्यावर एक वर्ष काढावें, आणि घेतलेल्या चित्रांत आपण कोणत्या मापाकडे वारंवार वळतों तें पाहावें. घरचीं माणसें व दिवेलागणीची वेळ हा ज्यांचा विषय, त्यांनीं ३५ अगर ५० मि.मी.चें एफ/१.८ घ्यावें, लहान खोलींत ५० फार जवळ येतें, म्हणून घरासाठीं ३५ बरें. पक्षी व खेळ यांचा नाद असणारांनीं लांब भिंग घ्यावें. निकॉनच्या प्राथमिक कॅमेऱ्यांत भिंग फिरविणारी मोटर नसते. त्यामुळें 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असें लिहिलेलेंच भिंग घ्यावें, नाहींतर फोकस हातानें जुळवीत बसावें लागेल. जुनें भिंग घेतांना तें उजेडाकडे धरून आरपार पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय, आणि तें भिंग कितीहि स्वस्त असलें तरी परत करावें. कोंकणांत व मुंबईंत पावसाळ्याच्या दमट हवेंत चांगल्या भिंगालाहि बुरशी धरते. म्हणून घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून भिंगें ठेवावींत. चामड्याच्या बंद पिशवींत ठेवूं नयेत. चामडें ओल धरून ठेवतें.

आणि सर्वांत आधीं एक प्रश्न घरांत बसून विचारावा: या प्रवासांत आपणांस कोणाचें मुख पाहावयाचें आहे? त्याचें उत्तर मिळालें, कीं भिंगाचा आंकडा आपोआप ठरतो. पुतणीच्या लांब भिंगासाठीं आमच्या घरीं आतां नव्यानें पैसे साठूं लागले आहेत; आत्याबाईंनीं त्यांत पहिली भर घातली आहे.