बाबांचं जाकीट

बाबा निवृत्त झाले आणि तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला जायचं म्हणून हटून बसले. हिमाचलात ही मासेमारी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद असते, म्हणून मार्च ठरला. आम्हा इंदूरकरांची थंडी म्हणजे स्वेटर आणि सराफ्यातला गराडू! तिथे नदीत बर्फाचं पाणी, आणि बाबांना दमा. भिजून चालणारच नव्हतं.

दुकानदार गुबगुबीत जाकिटं दाखवत होता. ती नको. ऊब आतल्या लोकरी स्वेटरची, जाकिटाने फक्त पाणी अडवायचं. म्हणून एक माप मोठं घेतलं. उलटं करून शिवणी आतून पट्टीने बंद आहेत ना, ते पाहिलं. लांबी कमरेपर्यंतच, नाहीतर मांडीभर पाण्यात घेर भिजतो. आणि मनगट! दोरी फेकताना हात सारखा वर, ओघळ थेट कोपरापर्यंत. बाही घट्ट आवळता यायलाच हवी. लेबलवरच्या 10,000 की 20,000 मिलिमीटरपेक्षा मला हेच महत्त्वाचं वाटलं.

"एवढ्यात चार रेनकोट आले असते," आई म्हणाली. आले असते. पण साध्या रेनकोटात घाम कोंडतो, आणि घामाने भिजलेला माणूसही गारठतो.

बाबा जाकीट घालून, हात वर करून शॉवरखाली उभे राहिले.

"मनगट कोरडं आहे गं!" आतून ओरडले.