उशिरा दिलेला खो

खो-खोत पाठलाग करणारीला मध्येच दिशा बदलता येत नाही. ज्या खांबाकडे निघाली, त्या खांबापर्यंत जायचं आणि मधली पाटी ओलांडायची नाही. पाटीवर 8 जणी एकीआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेल्या असतात. पळणारी पलीकडे निसटली की पुढचा पाठलाग त्यांच्यातल्या एकीचा. हे मला आठवीतच पाठ होतं. नववीत कर्णधार झाले आणि मी ते बाजूला ठेवलं.

शाळा टाळ्या वाजवायची गडी टिपणारीसाठी. मी खांबावर सूर मारला की कडेला उभे असलेले वर्गच्या वर्ग माझ्या नावाचा गजर करत. वेळेवर खो देऊन खाली बसलेल्या मुलीचं नाव कुणी घेत नसे. परिपाठात निकाल वाचला जाई, त्यातही कुणी किती गडी बाद केले एवढंच. त्या गजराला मी शाळेचा अभिमान समजले. मग तो मला हवासा वाटू लागला आणि मी खो लांबवू लागले. पळणारी हुलकावणी देऊन पलीकडे गेली, तरी मी आणखी दोन पावलं पुढेच. तेवढ्यात तिला दम घ्यायला सवड मिळायची.

जिल्हा पातळीच्या सामन्यात शेवटचं मिनिट चालू होतं. पळणारी माझ्या हातातून निसटली. पाटीवरच्या मैत्रिणीच्या पाठीला माझा हात लागला, पण तोंडातून 'खो' आला नाही, कारण मनातून मला अजून स्वतःच टिपायचं होतं. ती हात लागताच उठली. स्पर्श आणि शब्द एकाच वेळी व्हावे लागतात. पंचांनी फाऊल दिला, आणि फाऊल झाला की पळणारीच्या उलट दिशेला जावं लागतं. तिथेच वेळ संपली. आम्ही एका गुणानं हरलो.

बाहेर आल्यावर मुलींनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "ती आधीच उठली."

हे खोटं होतं आणि बोलताना मला ते ठाऊक होतं. ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं सरावाला येणं सोडलं. घरून परवानगी नाही, असं तिनं सरांना सांगितलं. तिचं घर माझ्या वाटेवरच होतं, तरी मी गेले नाही. तिच्याइतकी अचूक खो देणारी आमच्यात दुसरी नव्हती.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. घरातले सगळे टिपणाऱ्या मुलींकडे बघत होते. माझं लक्ष मात्र पाटीवर बसलेल्यांकडे, हात लागायची वाट पाहणाऱ्या त्या पाठींकडे होतं. त्याच आठवड्यात मी त्या मैत्रिणीचा नंबर मिळवला आणि सगळं सांगितलं.

फाऊल तुझा होता हे मला तेव्हाच कळलं होतं, ती म्हणाली. खेळ सोडला तो त्यामुळे नाही. आपल्या शाळेच्या एवढ्या मुली तिथे होत्या, तुझं बाजूला ठेव, पण एकीनंही मला विचारलं नाही. माफीबद्दल ती बोलली नाही, आणि मीही मागे लागले नाही.