पत्ता जागेचा, कार्डाचा नव्हे

वाळूज एमआयडीसीत राउटर बसवायला गेलो की पोर्टचे पत्ते मी स्वतः ठरवतो, राउटरवर सोडत नाही.

आयपीव्ही६चा पत्ता १२८ बिटांचा. पहिले ६४ बिट सहसा नेटवर्कचे. ते आयएसपीने दिलेल्या ब्लॉकमधून येतात. उरलेले ६४ म्हणजे इंटरफेस आयडी, आणि तो आपल्या हातात. राउटरला 'ईयूआय-६४' एवढं सांगितलं की तो कार्डाचा ४८ बिटांचा मॅक मधोमध फोडतो, तिथे एफएफएफई घालतो आणि डावीकडून सातवा बिट उलटवतो. मॅकची सुरुवात ०० असेल तर आयडीची ०२ होते. रीत देखणी आहे, पण राउटरवर मला ती नको.

आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कडाडतात, लाइनवर सर्ज येतो आणि कार्ड जळतं. नवं कार्ड नवा मॅक घेऊन येतं, म्हणजे पत्ताही नवा. डीएनएसची नोंद, फायरवॉलचे नियम, पलीकडच्या राउटरवरचा स्टॅटिक रूट मात्र जुन्याच पत्त्याला धरून बसतात. इकडे रात्रपाळी चालू असते आणि डिस्पॅचला गाडी उभी असते.

म्हणून गेटवे ::१, दुसरा राउटर ::२. लिंक-लोकलही एफई८०::१ असा हातानेच देतो. राउटर बदलला तरी जुनं कॉन्फिगरेशन चढवलं की पत्ते तेच. फोनवर पाळीतल्या पोराला "::१ला पिंग मार" इतकंच सांगावं लागतं. असा पत्ता बाहेरच्यालाही सहज ओळखता येतो, हे खरं. त्याचा बंदोबस्त अ‍ॅक्सेस लिस्टने करायचा.

माणसांच्या लॅपटॉप-मोबाइलचं गणित याच्या उलट. मॅकवरून काढलेला आयडी वाळूजला, सिडकोतल्या घरी, पुण्यातही तोच राहतो. कोणालाही त्या माणसाचा माग काढता येतो. २०१४च्या आरएफसी ७२१७ने यावर चांगली तोड काढली: प्रीफिक्स, इंटरफेस आणि एक गुप्त किल्ली मिळून आयडी बनतो. एका नेटवर्कवर तो कायम, दुसरीकडे गेलं की वेगळा. २०१७ पासून आरएफसी ८०६४ची शिफारसही हीच आहे. जुने कॅमेरे, प्रिंटर अजून मॅकच वापरताना दिसतात, आणि मॅकच्या पहिल्या २४ बिटांवरून बनवणारी कंपनीही कळते. तेवढ्यासाठी तरी त्यांचे पत्ते बाहेर उघडे ठेवू नयेत.

कारखानदारांना एक विनंती: राउटर बसवणाऱ्याकडून बिलाबरोबर इंटरफेसच्या पत्त्यांची यादीही मागून घ्या आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवा.